‘लग जा गले’, पुन्हा एकदा

प्रश्न : आमच्या सांगलीत हल्ली शनिवार-रविवार आला की कुठे ना कुठे कराओकेचा कार्यक्रम असतोच. हॉल बदलतो, बॅनरवरचे फोटो बदलतात, गाणी मात्र तीच. ‘लग जा गले’, ‘पल पल दिल के पास’, ‘अजीब दास्ताँ’ आणि मराठीचा मान राखायला ‘शुक्रतारा’. या हौशी मंडळींना दुसरी गाणी येतच नाहीत का? की त्याच त्या गाण्यांमागे काही कारण आहे?
— एक त्रस्त श्रोता, विश्रामबाग, सांगली

उत्तर : येतात की. घरी भाजी निवडताना किंवा गाडी चालवताना हीच माणसं काय काय गुणगुणत असतात. स्टेजवर चढल्यावर मात्र त्यांच्या तोंडून ‘लग जा गले’ निघतं, आणि त्याचं पहिलं कारण सुरांत नाही, हिशेबात आहे. कराओकेच्या बहुतेक कार्यक्रमांत गाणाराच पैसे भरतो. हॉलचं भाडं, साऊंडवाला, निवेदक, चहा-वडा हा सगळा खर्च गाणाऱ्यांत वाटला जातो. वाट्याला गाणी येतात दोन, फार तर तीन. तालीम झालीच तर आदल्या दिवशी कुणाच्या तरी हॉलमध्ये. समोर सासरची माणसं, बँकेतले सहकारी आणि मोबाइल उभा धरून बसलेली भाची. स्वतःचे पैसे मोजून, एवढ्या सगळ्यांदेखत, न मळलेली वाट कोण धरेल? शिवाय सभासद फार आणि वेळ थोडा, म्हणून युगुलगीतांना भाव. एका गाण्यात दोघांची सोय होते. पाडगावकर-खळ्यांच्या ‘शुक्रतारा’चं सौंदर्य वादातीतच आहे, पण कराओकेच्या यादीत ते इतक्या वर येण्याला ही सोयही कारण आहे.

दुसरं कारण ट्रॅकचं. गाजलेल्या गाण्याचे ट्रॅक हवे तितके मिळतात, पट्टी वर-खाली करून तयार मिळतात. आडवळणाचं गाणं म्हणायचं तर ट्रॅक मुद्दाम करून घ्यावा लागतो, आणि त्याचे पैसे वेगळे. त्यामुळे जे खूप गायलं जातं तेच आणखी गायलं जातं.

तिसरं कारण गळ्याचं. पेटीवर काळी एक धरून निवांत असलेल्या पुरुषाला रफीचं तार सप्तक दाखवलं की घाम फुटतो. मुकेश त्याला जवळचा वाटतो. चाल सरळ, पल्ला बेताचा, तानांची मागणी नाही. बायकांची अडचण याहून मोठी, कारण लताबाईंच्या बऱ्याच गाण्यांची उंची सामान्य गळ्याला झेपत नाही. ‘लग जा गले’ त्या मानाने दयाळू वाटतं. संथ लय, पहाडीची छाया, आटोपशीर ओळी. वाटतं असं म्हणालो, कारण प्रत्यक्षात ते फसवं आहे. द्रुत गाण्यात एखादा स्वर घसरला तर पुढचा त्याला झाकून नेतो, संथ गाण्यात तो घसरलेला स्वर सगळ्या हॉलभर उघडा पडून राहतो. तुमचा कंटाळा केवळ गाणं तेच असल्याचा आहे की ते दर वेळी त्याच जागी घसरतं म्हणून आहे, हे एकदा तपासून पाहा.

गंमत म्हणजे १९६४ च्या ‘वह कौन थी’साठी मदनमोहननी ही चाल ऐकवली तेव्हा दिग्दर्शक राज खोसलांना ती पसंतच पडली नव्हती, मनोजकुमारने पुन्हा ऐकायचा आग्रह धरला म्हणून ती वाचली, हा किस्सा सिनेसंगीताच्या गप्पांत नेहमी निघतो. त्या दिवशी मनोजकुमार गप्प बसला असता तर तुमचे शनिवार वाचले असते.

वाद्य वाजवणाऱ्यांचंही हेच आहे, फक्त प्रत्येक वाद्याचं घासून गुळगुळीत झालेलं गाणं वेगळं. माऊथ ऑर्गनवाला ‘है अपना दिल तो आवारा’वर येणार. १९५८ च्या ‘सोलवा साल’मध्ये तो माऊथ ऑर्गन राहुल देव बर्मनने वाजवला होता. बासरीवाला १९८३ च्या ‘हीरो’ची धून काढणार. या चाली त्या त्या वाद्याच्या अंगानेच घडल्या आहेत, म्हणून नवशिक्याची बोटं त्यांवर लवकर बसतात. पेटीवर बसवलेल्या मुलाला आधी भूप आणि दुर्गा का देतात? दोन्हींत पाचच स्वर, चुकायला जागा कमी. मिरजेच्या सतारींना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण त्या सतारी विकत घेणारा नवशिका पहिली गत बहुधा यमनमधलीच वाजवणार. आणि हे आपल्याकडचंच आहे असं नाही. गिटारच्या दुकानांत ‘स्टेअरवे टू हेवन’ इतकं वाजायचं की १९९२ च्या ‘वेन्स वर्ल्ड’ या चित्रपटात दुकानातली ते वाजवायला मनाई करणारी पाटीच विनोद म्हणून आली. फिलिपिन्समध्ये तर सिनात्राचं ‘माय वे’ गाण्यावरून कराओके बारमध्ये भांडणं आणि खून झाले, काही बारवाल्यांनी ते गाणं यादीतून काढून टाकलं. सांगलीकर सहनशील आहेत.

पण गायकांना बोल लावण्याआधी श्रोत्यांकडे वळलं पाहिजे, आणि श्रोत्यांच्या मागणीची ही गोष्ट सांगलीइतकी दुसरीकडे कुठे जुनी नसेल. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ केलं ते याच गावात. पुढे संगीत नाटक आलं आणि त्याबरोबर ‘वन्स मोअर’ आला. १८८२ चं किर्लोस्करांचं ‘सौभद्र’ घ्या. त्यात शंभराहून अधिक पदं होती. आज संगीत नाटकांचा चांगला शौकीनही त्यांतली किती म्हणून दाखवेल? बाकीची वाईट होती म्हणून गेली असं नाही. प्रेक्षकाने जे पद पुन्हा पुन्हा मागितलं ते उरलं, जे मागितलं नाही ते हळूहळू गाळलं गेलं. बालगंधर्व १९०५ साली मिरजेत किर्लोस्कर मंडळीत आले. त्यांच्या ऐन भराच्या काळात वन्स मोअरपायी नाटकं पहाटेपर्यंत चालत. १९१६ च्या ‘स्वयंवर’मधल्या ‘नाथ हा माझा’सारख्या पदाला एकदा म्हणून सुटका नसे. भास्करबुवा बखल्यांची चाल आणि गंधर्वांचा गळा असल्यावर लोकांनी तरी का सोडावं? त्या रात्री कुणी तक्रार केली नाही, कारण तेच पद दुसऱ्यांदा येताना नवीन होऊन यायचं. जागा बदलायच्या, आलाप बदलायचा. कराओकेत ही सोय नाही. ट्रॅक ठरलेल्या क्षणी पुढे सरकतो, थांबलात तर तो तुम्हाला टाकून जातो. गाणाऱ्याला स्वतःचं काही करायला मुभा नसलेलं पुन्हा पुन्हा म्हणणं, हा खरा कंटाळ्याचा उगम आहे असं माझं मत आहे.

आणि भावे नाट्यमंदिरात किंवा दीनानाथ नाट्यगृहात टाळ्या कशाला पडतात ते आठवा. अनोळखी गाणं सुरू झालं की तिसऱ्या रांगेत कुजबुज होते, चौथी रांग चहाला उठते. ओळखीचा वाद्यमेळ वाजू लागला की पहिल्या दोन सेकंदांत टाळ्या, गायकाने तोंड उघडण्याआधीच. त्या टाळ्या त्याच्यासाठी नसतात, पण त्याला त्या आपल्यासाठीच वाटतात. मग पुढच्या खेपेला तो काय निवडेल?

उपाय विचाराल तर एक सोपा आहे. गायकाला सिनेमा बदलायला सांगू नका, त्याच सिनेमातलं शेजारचं गाणं मागा. ‘वह कौन थी’मध्येच ‘नैना बरसे’ आहे. लताबाई चित्रीकरणाच्या वेळी उपलब्ध नव्हत्या म्हणून ते खुद्द मदनमोहनच्या आवाजावर चित्रित केलं गेलं होतं. निवेदकाला सांगायला गोष्टही आयती मिळते, शेर वाचतात. मराठीत शोधायचं तर लताबाईंनी ‘आनंदघन’ या नावाने दिलेल्या चाली काढा. १९६५ च्या ‘साधी माणसं’मधलं ‘ऐरणीच्या देवा’ महिला मंडळांनी पुरेसं म्हटलं आहे, त्याच्या पलीकडे जा. लताबाईंचं बालपण सांगलीत गेलं. एवढा हक्क तुम्हाला आहे.

प्रश्न : आमच्याकडे वरातीत बेंजो असो, ब्रास बँड असो की डॉल्बी, शेवटी नागीण येतेच आणि पोरं रस्त्यावर लोळतात. सत्तर वर्षं झाली त्या सिनेमाला. हे कधी थांबणार?
— एक वधूपिता, शाहूपुरी, सातारा

उत्तर : लवकर नाही. १९५४ च्या ‘नागिन’ला संगीत हेमंतकुमारांचं, पण त्यातली ती प्रसिद्ध बीन मुळात बीन नव्हेच. कल्याणजींनी क्लेव्हायोलिन नावाच्या विजेवरच्या वाद्यावर आणि रवींनी हार्मोनियमवर ती वाजवली. दोन्ही वाद्यं पट्ट्यांची. म्हणून ती धून पट्ट्यांवर अशी बसते की बेंजोवाल्याला आणि कॅसिओवाल्याला वेगळं काही करावं लागत नाही. शिवाय तिला ना मुखडा ना अंतरा, शेवटही नाही. वरात चौकात अडकली, समोर दुसरी वरात आली, नवरदेवाचा मामा नोटा काढेना, काहीही होवो, ती वाजवतच राहता येते. बँडवाल्याला याहून सोयीचं काय असणार?

बेंजोचं कूळही ऐकण्यासारखं आहे. टाइपरायटरसारखी बटणं असलेलं हे वाद्य मूळ जपानी. नागोयाच्या गोरो मोरिता यांनी १९१२ साली ते तयार केलं, तिकडे त्याला तैशोगोतो म्हणतात. आणि वरच्या सांगलीकरांना छळणाऱ्या कराओकेचं यंत्रही जपानीच, कोबे शहरात १९७१ साली दाईसुके इनोउए यांनी बनवलेलं. त्यांनी त्याचं पेटंट घेतलं नाही.

व्यवहाराचं सांगायचं तर सुपारी देतानाच गाण्यांची यादी कागदावर लिहून द्या आणि निम्मे पैसे वरातीनंतर देण्याचं ठरवा. नागीण एकदाच, तीही तुम्ही खूण केल्यावर. वरात मांडवाच्या दारात पोचल्यावर १९६६ च्या ‘सूरज’मधलं ‘बहारों फूल बरसाओ’ मात्र बदलायला जाऊ नका. तिथे बँडवाला तुमचं ऐकणार नाही, आणि त्याने ऐकलंच तर विहीणबाई ऐकणार नाहीत.