गणवेशातील पूर्वज : कौटुंबिक छायाचित्रातील व्यक्ती ओळखणे



कुलवृत्तांताची लिखित साधने आपण अभ्यासली आहेत. या पाठात आपण एका अबोल साधनाकडे वळणार आहोत. सातारा, कोल्हापूर, रत्नागिरी, रायगड या जिल्ह्यांतील अनेक घरांत माजघराच्या भिंतीवर लष्करी गणवेशातील एका तरुणाची तसबीर आढळते. ‘हे आमचे पणजोबा, जर्मनच्या लढाईत गेले,’ एवढेच तिच्याविषयी सांगितले जाते. हे वाक्य आदराने टिपून घ्यावे. मात्र तसबिरीखाली नाव लिहिण्याची घाई करू नये. एकाच घरातून दोन भाऊ पलटणीत गेलेले असतात, त्यांपैकी एकच परततो, आणि तीन पिढ्यांनंतर दोघांच्या हकिकती एकाच चेहऱ्याला चिकटतात. चुकीचे नाव लिहिले गेले, तर न परतलेल्या भावाची कदाचित एकमेव उरलेली खूण आपल्याच हातून पुसली जाते.

‘जर्मनची लढाई’ या शब्दांवरून युद्ध कोणते, हे ठरत नाही. पहिल्या महायुद्धात मराठा पलटणींपैकी बऱ्याचशा मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, तुर्की सैन्याशी लढल्या. २९ एप्रिल १९१६ रोजी कूत येथे सहाव्या (पुणे) डिव्हिजनने शरणागती पत्करली. वेढ्यात सापडलेल्या त्या सैन्यात १०३, ११० आणि ११७ या क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या. पुढे कैदेत अनेकांचा अंत झाला. मराठा सैनिकांची जर्मन फौजांशी मोठी गाठ पडली ती दुसऱ्या महायुद्धात, इटलीमध्ये. घरच्या आठवणीत ‘बसरा’ हे नाव येत असेल तर पहिल्या युद्धाची शक्यता वाढते, इतकेच म्हणावे. कारण १९४१ मध्येही भारतीय फौजा बसऱ्यास उतरल्या होत्या.

चेहऱ्याआधी गणवेश वाचावा. खांद्यावरील पितळी अक्षरे भिंगाखाली पाहावीत. १९२२ च्या पुनर्रचनेत १०३, १०५, ११०, ११६ यांसारखे जुने क्रमांक जाऊन त्या पलटणी पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या बटालियनी झाल्या. म्हणून असा जुना क्रमांक दिसला तर छायाचित्र सामान्यतः त्यापूर्वीचे समजावे. बाहीवर दोन फिती असतील तर नाईक, तीन असतील तर हवालदार. पदके डाव्या छातीवर लावतात. ती उजवीकडे दिसली तर प्रत उलटी छापली गेली आहे काय, हे सदऱ्याच्या गुंड्यांवरून पडताळावे. पदक घरात जपलेले असेल तर त्याची कड अवश्य वाचावी. पहिल्या युद्धाच्या पदकांच्या कडेवर सैनिकाचा क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते. अनेक घरांत ही कड कधी कोणी वाचलेलीच नसते!

पलटणीच्या नावाबाबतही असाच विवेक हवा. १८९० च्या दशकात महार समाजाची सैन्यभरती बंद झाली होती. १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभी राहिली आणि १९२१ मध्ये ती मोडण्यात आली. आजची महार रेजिमेंट १९४१ मध्ये बेळगावात स्थापन झाली. तेव्हा एखाद्या चित्रामागे ‘१९१५, महार रेजिमेंट’ असे लिहिलेले असेल, तर ते मागाहून लिहिलेले आहे. म्हणून ते खोटे ठरवून टाकून देऊ नये. लिहिणाऱ्याला पलटण ठाऊक होती, साल ठाऊक नव्हते, असेही असू शकते.

भिंतीवरची मोठी, रंगवलेली तसबीर हा सर्वांत फसवा पुरावा होय. ती पुष्कळदा लहान किंवा समूहातील छायाचित्रावरून वाढवून घेतलेली असते. रंगवणारा कारागीर पुसट डोळे ठळक करी, फेटा नीट बसवी, आणि घरच्यांच्या इच्छेवरून एखादे पदकही चढवी. त्यामुळे मूळ लहान प्रत पेटीत, पोथीत, कोठेही असो, ती आधी शोधावी.

वयोवृद्धांना विचारताना ‘हे थोरले आजोबाच ना?’ असे विचारू नये. होकार देणे सोपे असते. ‘यात कोण कोण दिसतात?’ असे विचारून थांबावे, आणि प्रत्येकाला स्वतंत्रपणे विचारावे. माहेरवाशिणींची साक्ष विशेष मोलाची असते. त्या लग्न होऊन गेल्यावर घरात रुजलेली नवी कथा त्यांच्या कानी पडलेली नसते. आठवण दुखरी असेल, तर चित्र बाजूला ठेवावे. पुन्हा जाता येते.

यानंतर नोंदवह्यांकडे वळावे. राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या नोंदींत सैनिकाचा क्रमांक, पलटण, मृत्युदिनांक आणि कित्येकदा वडिलांचे नाव, गाव व जिल्हा आढळतो. तेथे ‘कुलाबा’ म्हणजे आजचा रायगड, आणि ‘रत्नागिरी’त आजचा सिंधुदुर्गही येतो, हे विसरू नये. गावांची इंग्रजी अक्षरांतील रूपे इतकी विचित्र असतात की ती मोठ्याने उच्चारून पाहिल्याशिवाय गाव सापडत नाही. या नोंदी मृतांच्या आहेत. जो परतला त्याचा शोध पदक, निवृत्तिवेतनाचे कागद आणि पलटणीच्या अभिलेख कार्यालयातून घ्यावा लागतो.

एवढे करूनही खात्री पटली नाही, तर ओळ पुढीलप्रमाणे लिहावी : ‘उभा तरुण : बहुधा धाकटे आजोबा. आधार : खांद्यावरील क्रमांक, दोन आत्यांची स्वतंत्र साक्ष. शंका : थोरल्या बंधूंशी चेहऱ्याचे साम्य.’ ही ओळ पेन्सिलीने, प्रतीच्या मागे, कडेला लिहावी. शाई पुढच्या बाजूस उमटते.

स्वाध्याय : आपल्या किंवा शेजारच्या घरातील एक जुने छायाचित्र निवडा. त्यातील प्रत्येक व्यक्तीसाठी वरीलप्रमाणे आधार आणि शंका नोंदवा. ज्याचे नाव कोणालाच सांगता आले नाही, त्याच्यासाठीही एक ओळ मोकळी ठेवा.