माहिती एका संगणकातून दुसऱ्या संगणकात : फाइल कोणती निवडावी?



मुलांची नावे, जन्मतारखा, पत्ते आणि अंक आता संगणकात असतात. ही माहिती शाळेच्या प्रोग्राममधून दुसऱ्या कार्यालयाच्या प्रोग्राममध्ये पाठवावी लागते. दोन्ही प्रोग्राम वेगळे असतात; त्यांच्यामधला दुभाषी म्हणजे फाइलचा प्रकार, अर्थात फॉरमॅट. दुभाषी चुकला की टी.सी.वर नाव चुकते, जन्मतारीख बदलते आणि दुरुस्तीसाठी पालकांना चकरा माराव्या लागतात. म्हणून हा विषय सर्वांनी समजून घ्यावा, असे आम्हांस वाटते.

आधी मुख्य प्रकार पाहू. पी.डी.एफ. वाचायला व छापायला उत्तम, पण तिच्यातून तक्ता उचलणे कठीण. एक्सेलची फाइल सोयीची, पण प्रत्येक प्रोग्राम ती स्वीकारत नाही. एक्स.एम.एल. आणि जेसन हे प्रकार एका नोंदीत अनेक उपनोंदी असतील तेव्हा उपयोगी. सी.एस.व्ही. सर्वांत साधी : एका ओळीत एक विद्यार्थी आणि रकान्यांमध्ये स्वल्पविराम. ती नोटपॅडमध्येसुद्धा उघडते. साध्या यादीसाठी आम्ही हीच सुचवतो. मात्र चार गोष्टी सांभाळाव्यात.

१. लिपी : कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये ‘राम’ लिहिले तर संगणकात प्रत्यक्षात ‘जे’, ‘के’, ‘ई’ ही इंग्रजी अक्षरे साठतात; फॉन्ट त्यांना फक्त देवनागरी रूप देतो. दुसरीकडे तो फॉन्ट नसेल तर नावाच्या जागी निरर्थक अक्षरे दिसतात. युनिकोडमध्ये प्रत्येक देवनागरी अक्षरचिन्हाला स्वतःचा क्रमांक आहे. म्हणून नावे युनिकोडमध्येच लिहावीत आणि फाइल जतन करताना ‘यू.टी.एफ.-८’ हा पर्याय निवडावा. नाहीतर अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हे येऊ शकतात.

२. आरंभीचे शून्य : इंदूरचा दूरध्वनी कोड ०७३१. सी.एस.व्ही. फाइल एक्सेलमध्ये सरळ उघडली तर तो साधारणपणे ७३१ होतो, कारण एक्सेल त्याला संख्या समजते. असे रकाने ‘टेक्स्ट’ म्हणून आयात करावेत.

३. तारीख : ३/४/२०१२ म्हणजे ३ एप्रिल की ४ मार्च? वर्ष-महिना-दिवस या क्रमाने २०१२-०४-०३ असे लिहिले की शंका उरत नाही. आंतरराष्ट्रीय मानक आय.एस.ओ. ८६०१ हेच सांगते.

४. स्वल्पविराम : ‘१२, राजवाडा, इंदूर’ हा पत्ता तीन रकान्यांत फुटतो. तो दुहेरी अवतरणचिन्हांत ठेवला की अखंड राहतो.

चुकीच्या निवडीचा परिणाम किती गंभीर असतो, हे इंग्लंडमध्ये दिसले. २०२० साली तेथील आरोग्य विभागाकडे प्रयोगशाळांमधून कोरोना तपासणीचे निकाल सी.एस.व्ही. फाइलींमध्ये येत. ते एक्सेलच्या जुन्या एक्स.एल.एस. प्रकारात भरले जात. त्या प्रकाराच्या एका पानावर ६५,५३६ ओळीच मावतात. पुढच्या नोंदी गळल्या. २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर या काळातील १५,८४१ रुग्ण दैनिक आकड्यांतून सुटले आणि त्यांच्या संपर्कातील लोकांना सूचना मिळण्यास उशीर झाला. पाठवलेल्या आणि पोहोचलेल्या ओळी मोजल्या असत्या, तर चूक त्याच दिवशी सापडली असती.

तात्पर्य असे की आधी घेणाऱ्याला कोणता प्रकार चालतो ते विचारावे. त्यातला सर्वांत साधा निवडावा. पाच-दहा नोंदी पाठवून पाहाव्यात. मग पूर्ण फाइल पाठवून ओळी मोजाव्यात, आणि मूळ प्रत जपून ठेवावी. पालकांनी पाल्याच्या नावाची व जन्मतारखेची छापील प्रत मिळताच ती अक्षर-अक्षर तपासावी.

स्वाध्याय : आपल्या वर्गातील पाच मित्रांची नावे, जन्मतारखा आणि पत्ते नोटपॅडमध्ये सी.एस.व्ही. पद्धतीने लिहा. तीच फाइल एक्सेलमध्ये उघडा. काय बदलले, ते वहीत नोंदवून संगणक शिक्षकांना दाखवा.