पोटखराब्याचे मोल

जमिनीच्या दफ्तरात ‘पोटखराबा’ असे एक सदर असते. खडक, नाला, खारटण इत्यादी जे क्षेत्र नांगराखाली येत नाही ते या सदरी पडते, व लागवडीस अयोग्य म्हणून त्यावर आकार बसत नाही. आमची हयात असल्या नोंदी लिहिण्यात गेली. ज्यावर आकार नाही त्यास मोलही नाही, असा समज खातेदारांत फार दृढ आहे. तो कितपत खरा, हे पाहण्यास मुंबईच्या उपनगरांतील एका कारखानदाराचे उदाहरण उपयोगी पडेल, सबब ते वाचकांपुढे ठेवीत आहोत.

घाटकोपर व मुलुंड यांच्या दरम्यान विक्रोळी हे ठिकाण आहे. १८९७ साली कुलपांच्या धंद्याने उदयास आलेल्या गोदरेज घराण्यातील पिरोजशा गोदरेज यांनी १९४३ च्या सुमारास तेथे विस्तीर्ण जमीन खरेदी केली. उंच भागावर कारखाने, कामगारांची वसाहत व पुढे शाळा उभी राहिली. परंतु पूर्वेकडील मोठा भाग ठाण्याच्या खाडीस भिडलेला. तेथे भरतीचे पाणी चढते, गुडघाभर चिखल असतो व तिवरांचे रान माजलेले असते. दफ्तराच्या भाषेत बोलावयाचे तर तो निव्वळ पोटखराबा!

पिरोजशांचे चिरंजीव सोहराबजी यांचा जन्म १९१२ चा. वडिलांच्या पश्चात धंद्याची धुरा त्यांनी वाहिली. भराव घालून खाजण बुजवावे व त्यावर इमारती चढवाव्या, हा मुंबईचा जुना परिपाठ. मुंबईत जमिनीस सोन्याचे मोल आले असताही या घराण्याने तिवरांचे रान राखले. नुसते राखले असे नव्हे. १९८५ साली त्याच्या अभ्यासासाठी व संवर्धनासाठी सोहराबजींच्या मातोश्री सुनाबाई यांच्या नावे एक केंद्र स्थापन करून धंद्याच्या नफ्यातून त्यावर खर्च चालविला. तिवरतोडीस महाराष्ट्रभर मनाई करणारा उच्च न्यायालयाचा हुकूम २००५ चा आहे, हे ध्यानी घेतले म्हणजे या दूरदृष्टीची किंमत कळते. सोहराबजींना १९९९ साली पद्मभूषण किताब मिळाला. २००० साली ते निवर्तले. पाणी व वीज यांची काटकसर करणारी त्यांच्या नावाची एक इमारत २००४ साली हैदराबादेस उभी राहिली.

आता या झाडांचा गुण काय, ते पाहू. तिवराची मुळे चिखलातून खुंट्यांप्रमाणे वर येतात व त्यांवाटे झाड श्वास घेते. या खुंट्यांच्या जाळीत भरतीच्या पाण्याचा वेग मोडतो, गाळ खाली बसतो व काठाची धूप थांबते. कोळंबी, खेकडे व माशांची पिले याच आडोशास वाढतात; म्हणजे कोळी बंधूंचे बियाणे येथेच तयार होते. दि. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रुझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला व उपनगरे बुडाली. नद्यांची पात्रे आवळली, खाजणे बुजविली, तर पाण्याने जावे कोठे, हा प्रश्न त्या दिवशी सर्वांसच पडला. पाणी आपली जागा विसरत नाही.

कोणी म्हणेल की, ही धनवंतांची गोष्ट झाली. दोन एकरांच्या धन्याने काय करावे? आमचे उत्तर असे की, गोदरेजांनीही सगळी जमीन मोकळी सोडली नाही. जी कसास योग्य ती कसली, व जी दुसरीचे रक्षण करिते ती राखली. हा हिशेब दोन एकरांसही लागू आहे.

आमच्या खारेपाटातील बंधूंची अडचण आम्ही जाणतो. बाहेरकाठा फुटला की खारे पाणी शेतात शिरते, मागोमाग तिवरांचे बी रुजते, आणि एकदा रान वाढले की कायद्याने त्यास कोयता लावता येत नाही. भाताचे शेत डोळ्यांदेखत जाते. ही तक्रार खोटी नाही. परंतु तिचे मूळ तिवरात नसून न बांधलेल्या खांडीत आहे. बाहेरकाठ्याच्या बाहेर तिवर असेल तर लाटेचा पहिला मार तो खातो व बांध टिकतो. आत आला तर शेत गिळतो. यास्तव बाहेरचे रान राखावे. पावसाळ्यापूर्वी सर्व खातेदारांनी मिळून बांध व उघाडी तपासावी. आणि खांड पडताच, बी रुजण्याची वाट न पाहता, ती बुजवावी.

घाटावरील बंधूंनीही आपला पोटखराबा एकदा फिरून पाहावा. ओढ्याकाठचे गवत व झुडपे काढून दोन तास अधिक पेरले, तर पहिल्याच मोठ्या पुरात त्याच्या दुप्पट माती वाहून जाते. डोंगरउताराचे गवत बैलांस वैरण देते व खालच्या विहिरीस पाणी. हे उत्पन्न दफ्तरात दिसत नाही, म्हणून ते नाही असे नव्हे.

आकार ठरविणे हे सरकारचे काम; मोल ओळखणे हे धन्याचे. विक्रोळीच्या कारखानदाराने ते ओळखले. जमिनीशी ज्यांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा संबंध, त्या आम्हां शेतकऱ्यांस ते ओळखणे जड जाऊ नये.