प्लॅनवर नसलेले प्रेक्षक

नाटकाच्या व्यवस्थापनात वर्षं गेली की प्रेक्षक हा प्राणी बुकिंगच्या प्लॅनवरच्या फुल्यांच्या रूपातच दिसू लागतो. जितक्या फुल्या जास्त, तितका निर्माता खूश, आणि तितकी माझी झोप शांत. ज्यांची फुली कधी पडलीच नाही, त्यांचा विचार करायला वेळ नव्हता. खरं सांगायचं तर गरजही वाटली नव्हती. गेल्या काही वर्षांत चाकाच्या खुर्चीतले, न दिसणारे, ऐकू न येणारे, एका जागी बसून राहणं ज्यांना अवघड जातं असे प्रेक्षक आमच्या प्रयोगांना येऊ लागले. आम्ही त्यांच्यासाठी काय केलं हे सांगण्याजोगं फारसं नाही. त्यांनी आमचं काय केलं, ते मात्र सांगतो.

१. आपल्याकडे नाट्यगृहात माणसापेक्षा सोफ्याची बडदास्त जास्त असते. नेपथ्याचा टेम्पो मागच्या दाराला लागतो, दार ऐसपैस असतं आणि सोफा, पलंग, झोपाळा, तुळशीवृंदावन, सगळं विनासायास आत जातं. पुढच्या दाराला मात्र पायऱ्या. चाकाच्या खुर्चीतल्या प्रेक्षकांना आम्ही मोठ्या अभिमानाने सांगायचो, "काळजी नको, आमची मुलं उचलून नेतील." बॅकस्टेजची मुलं तगडी आणि मनाने फार चांगली. पण एका निवृत्त प्राध्यापिकाबाईंनी शांतपणे विचारलं, "नवी साडी नेसून, एवढ्या लोकांसमोर, तुम्हाला कुणी उचललेलं चालेल?" मी साडी नेसत नसलो तरी मुद्दा पोचला. उताराचं गणितही तेव्हाच कळलं: एक फूट चढायचं तर बारा फूट लांबीचा उतार हवा. तीन पायऱ्या मिळून दीड फूट, म्हणजे अठरा फूट. आमच्या सुताराने प्रेमाने ठोकलेली फळी सहा फुटांची होती. बालनाट्यात घसरगुंडी म्हणून ती छान चालली असती.

२. आत आला म्हणजे तो प्रेक्षक झाला, असं नाही. खुर्ची रांगेच्या टोकाला, वाटेत, एकटी. नवरा सहा रांगा मागे. नाटक बघताना माणूस निम्मा वेळ शेजाऱ्याकडे बघत असतो, तोही हसला का, तिचेही डोळे भरले का, म्हणून. सोबतचं माणूस शेजारी बसेल अशी जागा ठेवायची तर पुढच्या दोन-तीन खुर्च्या विकता येत नाहीत. निर्मात्याचा चेहरा त्या हिशेबाने अजूनही पडतो. पडू दे.

३. न दिसणाऱ्या प्रेक्षकाला सगळ्यात जास्त बोचणारा आवाज म्हणजे इतरांचा हशा. नट एक शब्द न बोलता काहीतरी करतो, थिएटर खळाळून हसतं, आणि हा शेजाऱ्याला ढोसतो, "काय झालं?" शेजारी सांगेपर्यंत पुढचा हशा आलेला असतो. म्हणून ध्वनिकक्षात बसून, मंचावर काय चाललंय ते प्रेक्षकाच्या कानातल्या छोट्या यंत्रावर सांगायचं. वॉशिंग्टनच्या अरीना स्टेज या थिएटरात १९८१ साली हे सुरू झालं. त्यामागच्या मार्गारेट फॅन्स्टील यांची स्वतःची नजर गेलेली होती. मराठी नाटकात अडचण अशी की आपली पात्रं बोलायची थांबतच नाहीत. दोन वाक्यांच्या फटीत "तिने पत्र फाडलं" एवढंच मावतं, आणि तेही हशाच्या आधी सांगायला हवं, नंतर सांगून उपयोग शून्य. आमचा सांगणारा मुलगा उत्साही. "तो रागाने ग्लास ठेवतो," असं त्याने सांगितलं तेव्हा मध्यंतरात एक गृहस्थ त्याला म्हणाले, "राग आम्हाला ऐकू आला. ग्लास कुठे ठेवला ते सांग." दिग्दर्शनाचा याहून नेमका धडा मी कुठल्या शिबिरात ऐकलेला नाही.

प्रयोगाआधी अर्धा तास या मंडळींना मंचावर नेऊन नेपथ्य हाताळू देतो. एका बाईंनी लेव्हलवर, म्हणजे मंचावरच्या उंचवट्यावर, काठी आपटून पाहिली आणि म्हणाल्या, "ही पोकळ वाजते. म्हणजे सासरे आले की मला सगळ्यांच्या आधी कळणार." आणि कळलं. सासऱ्यांच्या एंट्रीला त्या बाई प्रेक्षागृहात सगळ्यांच्या आधी हसल्या. स्वागत थोरात यांनी अंध कलाकारांना घेऊन बसवलेल्या नाटकांबद्दल मी पूर्वी भरभरून बोलायचो. 'स्पर्शज्ञान' हे ब्रेलमधलं मराठी पाक्षिक त्यांनी २००८ साली सुरू केलं, तेव्हाही कौतुक केलं. पण जे मंचावर उभे राहतात, तेच उद्या आमच्याकडे तिकीट मागायला येतील, हे काही डोक्यात आलं नव्हतं.

४. ऐकू कमी येणारा आपला बहुसंख्य प्रेक्षक तसं कबूलच करत नाही. तो म्हणतो, "हल्लीच्या नटांचे उच्चार स्वच्छ नाहीत." रविवारी दुपारच्या प्रयोगाला पांढऱ्या केसांनी भरलेल्या रांगा बघा, म्हणजे ही तक्रार किती जणांची आहे ते कळेल. आवाज वाढवला की कर्कशपणा तेवढा वाढतो, कारण श्रवणयंत्र संवादाबरोबर पंख्याची घरघर आणि वेफर्सच्या पाकिटाची कुरकुरही मोठी करून देतं. त्याला उपाय आहे. प्रेक्षागृहाभोवती तारेचं वेटोळं घालायचं. मग माइकवरचा आवाज चुंबकीय क्षेत्राच्या वाटेने थेट श्रवणयंत्रात उतरतो. यंत्रात 'टी'ची सोय असली आणि तिचं बटण दाबलं की झालं. पुष्कळ आजोबांच्या यंत्रात ही सोय असते आणि त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं.

अजिबात ऐकू न येणाऱ्यांची गोष्ट वेगळी. सांकेतिक भाषेतली दुभाषी मंचाच्या कडेला उभी केली, आणि प्रकाशयोजनाकाराने आपल्या लाडक्या ब्लॅकआउटमध्ये तिचे हातच गायब केले. संवाद चालू, भाषा बंद. आता तिच्यावर एक छोटा दिवा कायम असतो. त्याबद्दल तो अजून कुरकुरतो. मंचावर पट्टी लावून संवादांची अक्षरं दाखवण्याचाही मार्ग आहे. टोरंटोत १९८३ साली 'इलेक्ट्रा' या ऑपेराला ती पहिल्यांदा दाखवली गेली. पण ऑपेरात गायक पदरचं काही घालत नाही. आमचा विनोदी नट रंगात आला की संहितेबाहेर फिरून येतो आणि पट्टी चालवणारी मुलगी हवालदिल होते. विनंती करून उपयोग झाला नाही. "तुमच्या ॲडिशन्स इतक्या लोकांपर्यंत पोचतच नाहीत," असं सांगितलं, तेव्हा स्वारी एका प्रयोगापुरती संहितेवर आली.

५. प्रेक्षागृहातली शांतता पवित्र असते, असं मी मानत आलो. ऑटिझम असलेल्या मुलाची आई फोनवर तिकिटाचा दर विचारत नाही. ती विचारते, "आम्ही आलो तर चालेल ना?" ती दाराजवळची जागा मागते, आणि पर्स मांडीवरच धरून बसते, उठून जावं लागेल म्हणून. ब्रॉडवेवर २०११ साली 'द लायन किंग'चा अशा कुटुंबांसाठी खास प्रयोग झाला. दचकवणारे आवाज आणि डोळ्यांवर येणारे दिवे सौम्य केले होते. आम्ही तसं काही ठरवतोय म्हटल्यावर एक ज्येष्ठ नट म्हणाले, "ही नवीन थेरं कशाला?" त्यांना उत्तर दिलं आमच्यातल्या सिंधुदुर्गच्या नटाने: "नवीन कसली? दशावतार बघितलाय का?" खरंच की. जत्रेत देवळापुढे रात्रभर खेळ चालतो. पोरं संकासुराला बघून किंचाळतात, आजीच्या मांडीवर झोपतात, युद्धाला उठतात. कुणी मधेच खाजं आणायला जातं. राजाचं काही अडत नाही. अंधार करून, तोंड मिटून, पुढ्यात बघत बसायची शिस्त आपण पुढे कधीतरी अंगी बाणवली.

आमच्या त्या प्रयोगाला प्रेक्षागृहातले दिवे अर्धे चालू होते, दारं उघडी. नेपथ्यातली दारावरची बेल वाजली की एक मुलगा आनंदाने हात फडफडवून ओरडायचा. मी विंगेत घामाघूम. आणि ज्यांना ही थेरं वाटत होती, त्या ज्येष्ठांनी दुसऱ्या अंकात गरज नसताना आणखी दोनदा बेल वाजवली. मोबाइल वाजवणाऱ्यांना मात्र माझ्याकडे आजही माफी नाही.

६. स्वच्छतागृहाबद्दल लिहिणं लेखकांना कमीपणाचं वाटत असावं, पण प्रेक्षकाचा निर्णय तिथेच होतो. चाकाच्या खुर्चीसाठी म्हणून बांधलेल्या खोलीत बादल्या, फरशी पुसायचे पोचे आणि मोडक्या खुर्च्या ठेवलेल्या मी इतक्या ठिकाणी पाहिल्या आहेत, की ती कोठीच आहे असा सगळ्यांचा समज झाला असावा. कितीतरी जण नाटकाच्या दिवशी दुपारपासून पाणी पीत नाहीत. हे मला कुणी तक्रार म्हणून सांगितलं नाही, सहज बोलता बोलता सांगितलं.

७. फुकट पास हा आदर नव्हे. संस्थेच्या बसमधून आणलेले प्रेक्षक, मध्यंतरात पाहुण्यांचं भाषण, गुच्छ, फोटो: असे 'खास' प्रयोग आम्ही मनापासून केले. एका तरुणाने पास परत दिला आणि शनिवार रात्रीचं तिकीट मागितलं. "पैसे घ्या. म्हणजे मला नाटकाला नावं ठेवता येतील." त्याने ठेवली. दुसरा अंक लांबतो, म्हणाला. लांबतोच.

८. कायद्याने हे सगळं बरंच आधी मान्य केलं आहे. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात एकवीस प्रकारच्या दिव्यांगत्वांची नोंद आहे आणि सांस्कृतिक जीवनाचा हक्कही आहे. चित्रपटगृहांसाठी केंद्र सरकारने मार्च २०२४ मध्ये मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यांत नाटक येत नाही. पण सरकारची वाट न बघता करता येण्याजोगं एक काम आहे, आणि ते जवळजवळ फुकट आहे. निर्माते मंडळी, वर्तमानपत्रातल्या तुमच्या जाहिरातीत कलाकारांची नावं, 'हाऊसफुल्ल'ची पट्टी, पुढच्या प्रयोगांच्या तारखा, सगळं मावतं. त्याच चौकोनात एक ओळ आणखी छापा: पायऱ्या किती, लिफ्ट आहे का, चाकाची खुर्ची कुठल्या रांगेत बसते, चौकशीसाठी कुणाला फोन करायचा. उत्तर "लिफ्ट नाही" असं असलं तरी छापा. घरातून निघण्याआधी ते कळलं, तर निदान टॅक्सीचे पैसे वाचतात.