विस्मृत मोझी आणि त्याचा पुनर्शोध

आम्ही वर्गात प्राचीन चीन शिकवतो तेव्हा विद्यार्थी कन्फ्यूशियसचे नाव लगेच सांगतात. मोझीचे कोणी सांगत नाही. इ.स.पूर्व पाचव्या शतकातील हा विचारवंत कन्फ्यूशियन परंपरेचा पहिला मोठा टीकाकार होय.

त्या परंपरेत जिव्हाळ्याची उतरंड आहे: आधी आईबाप, मग भाऊबंद, मग इतर. बलवान दुर्बलाला लुटतो त्याचे मूळ याच आपपरभावात आहे, असे मोझीने दाखवले व सर्वांविषयी समान आस्थेचा सिद्धान्त मांडला. शेतकरी वा कारागीरही लायक असेल तर त्याला अधिकारपद द्यावे, असे त्याने सांगितले. थाटाचे अंत्यविधी आणि तीन वर्षांचा शोक यांनी घर बुडते, शेत पडीक राहते, असा रोकडा हिशेब त्याने मांडला. बलाढ्य छू राज्य लहानशा सोंगवर चालून जाणार हे कळताच तो दहा दिवस, दहा रात्री चालत छूच्या राजधानीत पोहोचला. तेथे कमरपट्ट्याची तटबंदी मांडून त्याने यंत्रकार कुंगशू बानचे नऊ लुटुपुटीचे हल्ले परतवले आणि युद्ध टळले, अशी कथा त्याच्या नावाच्या ग्रंथात आहे.

समान आस्था म्हणजे बापालाच नाकारणे, असा ठपका मेन्शियसने ठेवला. पुढे हान राजवटीत कन्फ्यूशियन विचाराला राजाश्रय मिळाला आणि मोझीचा पंथ लोपला. ग्रंथाच्या 71 प्रकरणांपैकी 53 उरली, तीही ताओपंथीयांच्या ग्रंथसंग्रहात! 1783 मध्ये बी युआनने त्याची सटीप आवृत्ती सिद्ध केली, तेव्हा अभ्यासाची वाट पुन्हा मोकळी झाली.

1915 मध्ये हू शी हा चिनी तरुण कोलंबिया विद्यापीठात जॉन ड्युई यांच्याकडे शिकण्यास आला. बाबासाहेब तेव्हा तेथेच होते, तेही ड्युईंचे विद्यार्थी. हू शीने आपल्या प्रबंधात मोझीपंथीयांच्या तर्कशास्त्राचा शोध घेतला आणि 1919 च्या आपल्या इतिहासग्रंथात मोझीला कन्फ्यूशियसच्या पंक्तीत बसवले. मोझीपंथीयांनी सूक्ष्म छिद्रातून पडणाऱ्या उलट्या प्रतिमेचीही नोंद केली होती. 2016 मध्ये चीनने सोडलेल्या क्वांटम उपग्रहाला मोझीचे नाव आहे.

मात्र समान आस्था म्हणजे बुद्धाची मैत्री, असे समीकरण आम्ही मांडणार नाही. मोझीच्या नीतीला 'स्वर्गाची इच्छा' आणि शिक्षा करणारी भुते यांचा आधार आहे. मैत्रीला तसल्या आधाराची गरज नाही. शिवाय संगीताला तो उधळपट्टी मानी. आमच्या जलशांना त्याने खचितच विरोध केला असता.