चला, घानाला जाऊया!

विद्यार्थी मित्रांनो, 'आफ्रिका' हा शब्द फळ्यावर लिहिला की वर्गातून पटापट उत्तरं येतात. सिंह, जंगल, वाळवंट, जिराफ! काहींना तर आफ्रिका हा एकच देश वाटतो. खरं तर तो ५४ देशांचा खंड आहे. आज आपण त्यातल्या फक्त एका देशाची सफर करणार आहोत. नकाशा समोर घ्या. आफ्रिकेचा पश्चिमेकडे फुगलेला भाग दिसतो ना? त्याच्या खालच्या किनाऱ्यावर घाना आहे. राजधानी अक्रा. आकाराने हा देश आपल्या महाराष्ट्रापेक्षा लहान आहे आणि लोकसंख्या तीन कोटींच्या वर.

घानाचं जुनं नाव 'गोल्ड कोस्ट', म्हणजे सोन्याचा किनारा. हे नाव युरोपीय व्यापाऱ्यांनी दिलं, कारण त्यांना तिथे सोनं मिळत होतं. ६ मार्च १९५७ रोजी इंग्रजांपासून स्वातंत्र्य मिळालं, तेव्हा नेते क्वामे एन्क्रुमा यांनी ते नाव टाकून दिलं आणि 'घाना' हे एका प्राचीन आफ्रिकी साम्राज्याचं नाव घेतलं. गंमत म्हणजे ते साम्राज्य आजच्या घानाच्या जागी नव्हतंच, ते बरंच वायव्येला होतं. पण नाव आपलं हवं, व्यापाऱ्याने दिलेलं नको, हा त्यामागचा विचार.

आता फिरायला निघू. अक्राजवळ टेमा नावाचं बंदर आहे. भूगोलात आपण शून्य अंश रेखावृत्त शिकतो ना, ते ग्रीनिचवरून निघून थेट या टेमामधून जातं. म्हणून घानाचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. आपल्याकडे सकाळी अकराला परिपाठ संपतो, तेव्हा तिथली मुलं साडेपाच वाजता अंथरुणातच असतात!

पश्चिमेकडे किनाऱ्याने गेलं की काकुमचं जंगल लागतं. इथे उंच झाडांना दोर बांधून सात झुलते पूल केले आहेत. एकूण लांबी सुमारे ३५० मीटर आणि उंची काही ठिकाणी ३० मीटरहून जास्त. खाली पाहायचं नाही, एवढाच नियम पाळायचा. उत्तरेला मोले राष्ट्रीय उद्यानात हत्ती पाहता येतात आणि त्याच्याजवळ लाराबांगा गावात मातीची जुनी मशीद आहे, पांढरीशुभ्र, भिंतीतून लाकडं बाहेर आलेली. पूर्वेला व्होल्टा तलाव. १९६५ साली अकोसोंबो धरण पूर्ण झालं आणि पृष्ठभागाच्या दृष्टीने जगातला सर्वांत मोठा मानवनिर्मित जलाशय तयार झाला. कुमासी शहराजवळच्या बोनवायर गावात केंटे कापड विणतात. विणकर हातभर लांब नव्हे तर चार बोटं रुंद अशा पट्ट्या विणतो, मग त्या एकमेकींना शिवून मोठं वस्त्र करतात.

पण घानाला जाणारी बरीच माणसं जंगलासाठी किंवा कापडासाठी जात नाहीत. ती जातात किनाऱ्यावरच्या किल्ल्यांसाठी.

एल्मिनाचा किल्ला पोर्तुगीजांनी १४८२ साली बांधला. हेच पोर्तुगीज पुढे १५१० मध्ये गोव्यात आले, हे लक्षात ठेवा. सुरुवातीला किल्ला सोन्याच्या व्यापारासाठी होता. नंतर तिथून माणसांचा व्यापार सुरू झाला. जवळच केप कोस्टला इंग्रजांचा किल्ला आहे. त्याच्या तळघरात माणसांना कोंडून ठेवत. हवेला आणि उजेडाला वरती एखादा झरोका. कित्येक आठवडे तसंच राहायचं, मग एका अरुंद दारातून होडीत आणि होडीतून जहाजात. त्या दाराला आज 'परत न येण्याचं दार' म्हणतात. आणि पुरुषांच्या तळघराच्या बरोबर वर काय होतं माहीत आहे? प्रार्थनाघर. खाली माणसं गुदमरत होती आणि वर प्रार्थना चालू होती.

या व्यापारात एक वस्तू आपल्या ओळखीची आहे. कवडी! मालदीवच्या समुद्रातल्या कवड्या युरोपीय व्यापारी जहाजं भरभरून पश्चिम आफ्रिकेत नेत. तिथे त्या पैशासारख्या चालत आणि त्या देऊन माणसंही विकत घेतली जात. आई भवानीच्या भक्तांच्या गळ्यातली कवड्यांची माळ आपण पाहतो, 'कवडीमोल' हा शब्द सहज वापरतो. घानाच्या आजच्या चलनाचं नाव 'सेडी', तेही त्यांच्या भाषेतल्या कवडीवरूनच आलंय.

१९९८ साली गुलाम म्हणून जगलेल्या दोन व्यक्तींचे अवशेष जमैका आणि अमेरिकेतून आणले गेले आणि त्याच दारातून, पण उलट दिशेने, आत नेले गेले. आता त्या दाराच्या समुद्राकडच्या बाजूला 'परतीचं दार' असं लिहिलेलं आहे. पुढे २०१९ हे वर्ष घाना सरकारने 'परतीचं वर्ष' म्हणून साजरं केलं. १६१९ मध्ये आफ्रिकी लोकांना व्हर्जिनियात नेल्याला तेव्हा चारशे वर्षं झाली होती. पूर्वजांची भूमी पाहायला अमेरिकेतून खूप लोक आले.

मग प्रश्न पडतो, अशा जागेला 'पर्यटनस्थळ' म्हणायचं का? तिथे दारात उभं राहून हसत सेल्फी काढायचा का? माझं स्पष्ट मत आहे, जायचं जरूर, पण मोबाईल खिशात ठेवून. तिकिटाच्या पैशातून किल्ला टिकणार असेल तर ते पैसे सत्कारणी लागले. पण तुम्हाला काय वाटतं? घरी चर्चा करा आणि पाच-सहा ओळी वहीत लिहा.

पालकांपैकी कुणी खरंच जाणार असेल तर थोडं कामाचं. पीतज्वराची लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते, तिचं प्रमाणपत्र घानात शिरताना आणि भारतात परतताना दोन्हीकडे तपासतात. मलेरियाच्या गोळ्यांचं डॉक्टरांना विचारा. नोव्हेंबर ते मार्च हा कोरडा काळ चांगला, मात्र मध्येच सहाराची धूळ घेऊन हरमॅटन वारा येतो. कामकाजाची भाषा इंग्रजी, त्यामुळे अडत नाही. आणि हो, डाव्या हाताने कुणाला काही देऊ नका. तिथेही ते आपल्यासारखंच वाईट समजतात!

आता गृहपाठ, आणि हा सर्वांना आवडेल. घानातल्या अकान लोकांत मूल ज्या वारी जन्मतं त्यावरून त्याला एक नाव मिळतं. संयुक्त राष्ट्रांचे महासचिव होऊन गेलेले कोफी अन्नान शुक्रवारचे, एन्क्रुमा शनिवारचे, म्हणून क्वामे. मुलांची नावं सोमवारपासून अशी: कोजो, क्वाबेना, क्वाकू, याव, कोफी, क्वामे, क्वासी. मुलींची: अज्वा, अबेना, अकुआ, या, अफुआ, अमा, अकोसुआ. त्यांच्या गोष्टींतला चतुर कोळी अनान्सी, त्यालाही क्वाकू म्हणतात, म्हणजे तोही बुधवारचा. तुमचा जन्म कोणत्या वारी झाला ते आज आजीला किंवा आईला विचारा, आणि उद्या हजेरीच्या वेळी आपल्या नेहमीच्या नावाऐवजी तुमचं घानाचं नाव सांगा.