बाळाच्या पोटात गॅस होतो. दुधाचा डबा बदलावा का?

दीड महिन्याचे बाळ संध्याकाळ झाली की कळवळून रडू लागते. पाय पोटाशी घेते, चेहरा लालबुंद होतो, पोट टम्म लागते. बाळ वरच्या दुधावर असले की घरात लगेच निदान होते, ‘हा डबा मानवत नाही.’ मग दुकानदार सांगेल तो दुसरा डबा येतो आणि आठवड्यात तिसरा.

असे रडणे जन्मानंतर दोन-तीन आठवड्यांनी सुरू होते, सहाव्या आठवड्याच्या सुमारास सर्वांत जास्त असते आणि तीन-चार महिन्यांत बहुधा आपोआप थांबते. अंगावर पिणारी बाळेही अशीच रडतात. त्यामुळे पुष्कळदा गुण वयाचा असतो आणि श्रेय तिसऱ्या डब्याला मिळते. पहिल्या सहा महिन्यांसाठीच्या नेहमीच्या पावडरींत गाईच्या दुधातील प्रथिने आणि दुग्धशर्करा हेच मुख्य घटक असतात. नाव बदलले म्हणून आतला माल फारसा बदलत नाही.

डब्यापेक्षा दूध करण्याची व पाजण्याची पद्धत आधी तपासावी. बाटली जोराने हलवली की दुधाला फेस येतो आणि तो फेस म्हणजे हवाच. फेस बसू द्यावा. बाटली उलटी धरल्यावर दूध थेंबाथेंबाने पडावे. भोक बारीक असेल तर बाळ ओढून ओढून हवा गिळते. मोठे असेल तर घाईने गिळताना हवा जाते व ठसकाही लागतो. पाजताना बाळाचे डोके उंच असावे व बूच दुधाने पूर्ण भरलेले असावे. मध्ये एकदा आणि शेवटी बाळाला खांद्यावर घेऊन ढेकर काढावी. खरे तर वाटी-चमचा किंवा आपले जुने बोंडलेच बरे. बाटलीपेक्षा ते स्वच्छ ठेवणे सोपे.

माप हा सर्वांत दुर्लक्षित भाग. डबा महाग, तो महिनाभर पुरवायचा, म्हणून पावडर कमी आणि पाणी जास्त घातले जाते. असे पातळ दूध पिणारे बाळ उपाशी राहते, म्हणून रडते आणि रडताना आणखी हवा गिळते. घरच्यांना तो गॅस वाटतो; इकडे वजन वाढत नाही. घट्ट दूधही वाईट, त्याने शौचास कडक होते. आधी पाणी मोजावे, मग सपाट भरलेला चमचा घालावा. डबा बदलला तर जुन्या डब्यातला चमचा वापरू नये, कारण प्रत्येकाचे माप वेगळे असू शकते. पावडर निर्जंतुक नसते. म्हणून पाणी उकळून अर्ध्या तासाच्या आत, चांगले गरम असतानाच ती मिसळावी, मग दूध निववून पाजावे. उरलेले दूध टाकून द्यावे.

नेहमीचा डबा गावात मिळेनासा झाला तर त्याच वयोगटाचा दुसरा घ्यायला हरकत नाही. चार-आठ दिवस शौचाचा रंग बदलेल, तेवढ्यावरून मत बनवू नये. मात्र सोयाचे किंवा दुग्धशर्करा नसलेले दूध डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय आणू नये. दुग्धशर्करा जन्मतःच न पचणे अत्यंत दुर्मीळ आहे. जुलाबानंतर काही दिवस तसे होऊ शकते. शौचात रक्त किंवा आव, अंगावर खाजरे चट्टे, वारंवार उलट्या, वजन न वाढणे ही लक्षणे असतील तर गाईच्या दुधाच्या प्रथिनांची ॲलर्जी असू शकते. मग तशाच दुसऱ्या डब्याचा उपयोग नाही, शेळीच्या दुधाचाही नाही. डॉक्टर प्रथिने विघटित केलेले खास दूध देतात.

घुटी, ओव्याचे पाणी, ग्राइप वॉटर सहा महिन्यांपर्यंत नको. मध तर वर्षापर्यंत मुळीच नको. त्यातील जंतूंमुळे बाळ लुळे पडू शकते.

हिरवी उलटी, पोट फुगून कडक होणे, तीन महिन्यांच्या आतील बाळाला ताप, सुस्ती, दूध न पिणे, यांपैकी काहीही दिसले तर रात्र असली तरी रुग्णालय गाठावे. एरवी गॅससाठी डॉक्टरांकडे जाताना डबा, त्यातला चमचा आणि बाटली बरोबर न्यावी आणि घरी दूध कसे करता ते तिथे करून दाखवावे. आईला थोडे जरी दूध येत असेल तर तेही सांगावे. बाळाला वारंवार अंगावर घेऊन ते वाढवता येते.